अन्न सुरक्षा सल्लागार समितीची मुदत वाढते, तेव्हा शेतकऱ्याने काय पाहावे?

मराठीत 'अन्न सुरक्षा' म्हटले की एक गोंधळ ठरलेला आहे. रेशन दुकानावर सवलतीचे धान्य मिळते ते २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यामुळे. तिथे प्रश्न अन्न पुरेसे मिळण्याचा असतो, आणि राज्य अन्न आयोग त्या कायद्याखाली येतो. दूध, गूळ, आंबा, शेंगदाणा यांत काही घातक तर नाही ना, हे पाहिले जाते ते २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली. तिथे प्रश्न अन्न निर्धोक असण्याचा असतो. हा लेख दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. ग्रामसभेत किंवा शेतकरी गटाच्या बैठकीत हा विषय काढाल तेव्हा सुरुवातीलाच हा फरक सांगून टाका, नाहीतर चर्चा रेशन कार्डाकडे वळते आणि तिथेच संपते.

अन्नाच्या निर्धोकपणाबाबत सरकारला सल्ला देण्यासाठी राज्य किंवा जिल्हा पातळीवर समित्या नेमल्या जातात. त्यांना दंड करता येत नाही, नमुना घेता येत नाही की गोदामाला सील ठोकता येत नाही. ती कामे अन्न सुरक्षा अधिकाऱ्याची. समितीचे काम वेगवेगळ्या खात्यांना आणि शेतकरी, व्यापारी, ग्राहक, डॉक्टर यांना एका टेबलाभोवती बसवून पुढची अडचण आधी ओळखण्याचे. अशा समितीला बहुधा मुदत असते. ती संपत आली की प्रश्न येतो: मुदत वाढवायची की समिती बंद करायची? हा मंत्रालयातला कागदी विषय आहे असे वाटून आपण सोडून देतो. पण त्या टेबलावर शेतकऱ्याची खुर्ची आहे की नाही, याचा परिणाम पुढे आपल्या मालाच्या भावावर होतो. तो कसा, हे दोन-तीन खऱ्या प्रसंगांवरून पाहू.

कायद्यातच मरणाची तारीख

अमेरिकेतील मिनेसोटा हे मका, सोयाबीन, दूध आणि टर्की पक्ष्यांचे राज्य. तिथे अन्न सुरक्षितता व संरक्षणासाठी एक टास्क फोर्स आहे. ती एखाद्या शासन निर्णयाने नव्हे, तर राज्याच्या कायद्यातील स्वतंत्र कलमाने नेमलेली आहे. तिने कृषी आयुक्तांना आणि विधिमंडळाला सल्ला द्यायचा, अन्न सुरक्षिततेच्या प्रशिक्षणात खात्याखात्यांचा मेळ घालायचा आणि केंद्रीय यंत्रणांना शिफारशी करायच्या. 'संरक्षण' हा शब्द नावात आहे तो कुणी मुद्दाम अन्नात विष कालवले तर काय, या भीतीपोटी.

या समितीत कोण बसते ते पाहा. कृषी आयुक्त आणि आरोग्य आयुक्त किंवा त्यांचे प्रतिनिधी, केंद्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा आणि कृषी खात्याचा प्रत्येकी एक माणूस, मिनेसोटा विद्यापीठातला अन्नतज्ज्ञ, शेतमालाच्या औद्योगिक वापरावर संशोधन करणाऱ्या संस्थेचा प्रतिनिधी. याशिवाय राज्यपालांनी नेमलेले सदस्य (तिथला राज्यपाल लोकांनी निवडून दिलेला असतो, म्हणजे आपल्या मुख्यमंत्र्यासारखा). या नेमणुकांत आरोग्य किंवा अन्न क्षेत्रातले व्यावसायिक, स्थानिक तपासणी यंत्रणेचा माणूस, ग्राहक गटाचा प्रतिनिधी आणि राज्यव्यापी शेतकरी संघटनेचा प्रतिनिधी असलाच पाहिजे, असे कलमातच लिहिले आहे. शेतकऱ्याची खुर्ची कुणाच्या मर्जीवर ठेवलेली नाही.

त्याच कलमाच्या शेवटी एक ओळ आहे: हे कलम अमुक तारखेला संपुष्टात येईल. विधिमंडळाने २०१७ साली ती तारीख पुढे नेऊन ३० जून २०२७ केली. समिती पुढे चालवायची असेल तर विधिमंडळाने पुन्हा दुरुस्ती करावी लागते. कुणी काहीच केले नाही, तर ठरलेल्या दिवशी समिती आपोआप संपते. बंद करण्यासाठी वेगळा आदेश काढण्याची गरज उरत नाही.

अमेरिकेत या पद्धतीला 'सूर्यास्त कलम' म्हणतात. कोलोरॅडो राज्याने १९७६ मध्ये असा पहिला कायदा केला. सरकारी समिती एकदा जन्माला आली की ती सहसा मरत नाही. काम संपले तरी फाईल, भत्ता आणि पाटी चालू राहते. म्हणून जन्मतानाच मुदत घालायची आणि 'आम्ही का जगावे' हे समितीलाच येऊन सांगायला लावायचे. मला ही कल्पना आवडते. तिचा धोकाही आहे: चांगली चाललेली समिती केवळ अधिवेशनाच्या गडबडीत दुरुस्ती राहून गेली म्हणून बंद पडू शकते. रोगाची साथ अधिवेशनाचे वेळापत्रक पाहून येत नाही.

टोमॅटोवर आळ, दोष मिरचीचा

अशा समितीचे शेतकऱ्याला काय पडले आहे, हे समजायला २००८ सालचा उन्हाळा पुरेसा आहे. त्या वर्षी अमेरिकेत साल्मोनेला जिवाणूच्या एका जातीने लोक आजारी पडू लागले. अखेरीस ही संख्या चौदाशेच्या वर गेली. आजारी माणसांना विचारले, मागच्या आठवड्यात काय खाल्ले? बहुतेकांनी कच्चा टोमॅटो सांगितला. जूनच्या सुरुवातीला केंद्रीय अन्न व औषध प्रशासनाने ठरावीक प्रकारचे कच्चे लाल टोमॅटो खाऊ नका असा इशारा दिला आणि तो देशभर लागू केला. हॉटेलांनी टोमॅटो बंद केला, दुकानांनी माल उचलून टाकला. फ्लोरिडासारख्या राज्यांत तोडणीला आलेला आणि तोडून पॅक केलेला माल पडून राहिला.

रोगी मात्र वाढतच होते. याच काळात मिनेसोटात एका हॉटेलात जेवलेले बरेच लोक आजारी पडले. तिथल्या आरोग्य आणि कृषी खात्याच्या लोकांनी 'काय खाल्ले' एवढ्यावर न थांबता हॉटेलच्या स्वयंपाकघरातून प्रत्येक पदार्थाची कृती मागवली. कोणत्या ताटात कोणता घटक किती पडतो, हे आजारी आणि निरोगी ग्राहकांच्या बिलांशी ताडून पाहिले. बोट गेले ते वरून भुरभुरलेल्या कच्च्या हालापेन्यो मिरचीकडे. खाणाऱ्याला टोमॅटो आठवतो, चिमूटभर मिरची कोण लक्षात ठेवतो? ही माहिती जुलैच्या सुरुवातीला केंद्राकडे गेली. १७ जुलैला टोमॅटोवरचा इशारा मागे घेण्यात आला. पुढे मेक्सिकोतील एका शेतावर सेरानो मिरचीत आणि सिंचनाच्या पाण्यात तोच जिवाणू सापडला.

मधल्या साधारण सहा आठवड्यांत टोमॅटो उत्पादकाचे जे गेले, ते परत आले नाही. टोमॅटो नाशवंत, इशारा मागे घेतला म्हणून कुजलेला माल ताजा होत नाही.

पुढच्याच वर्षी, जानेवारी २००९ मध्ये, मिनेसोटाच्याच प्रयोगशाळेने शेंगदाण्याच्या लोण्याच्या डब्यात साल्मोनेला शोधला. कारखाना जॉर्जिया राज्यातल्या ब्लेकली गावातला. ७०० हून अधिक रुग्ण आणि ९ मृत्यू अशी त्या साथीची नोंद आहे. दोष कारखान्याच्या अस्वच्छतेचा आणि मालकांनी प्रयोगशाळेचे अहवाल दडवण्याचा होता. कंपनीच्या प्रमुखाला २०१५ मध्ये २८ वर्षांची शिक्षा झाली. पण शेंगदाण्याचा खप घटला तेव्हा त्याची झळ भुईमूग पिकवणाऱ्याला बसली.

ही दोन्ही शोधकामे टास्क फोर्सने केली असे नाही. ती खात्यांनी आणि प्रयोगशाळांनी केली. मात्र आरोग्य, कृषी आणि विद्यापीठ ही तीन खाती एकमेकांचे फोन उचलतात, एकमेकांच्या नोंदी पाहतात, ही सवय अशा बैठकांतून लागते. साथ आल्यावर ओळख करून घ्यायला वेळ नसतो.

आपल्याकडे शेतकरी कायद्याच्या बाहेर, पण बाजार कायद्याच्या आत

आता आपला कायदा. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ प्रत्यक्ष लागू झाला ५ ऑगस्ट २०११ पासून. त्याच्या कलम १८ (३) मध्ये स्पष्ट म्हटले आहे की शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे, उभे पीक, जनावरे आणि शेतावर तयार झालेला शेतमाल यांना हा कायदा लागू नाही. 'प्राथमिक अन्न' याची व्याख्याही नैसर्गिक स्वरूपातला शेतमाल, पण शेतकऱ्याव्यतिरिक्त दुसऱ्याच्या हातात असलेला, अशी आहे. म्हणजे तुमच्या वावरातल्या ढिगावर अन्न सुरक्षा अधिकारी नमुना घ्यायला येणार नाही. तोच ढीग अडत्याच्या गाळ्यावर गेला की तो कायद्याच्या कक्षेत आला.

अनेकांना ही सूट म्हणजे सुटका वाटते. मला तसे वाटत नाही. नमुना व्यापाऱ्याकडे नापास झाला की व्यापारी पुढच्या खेपेला भाव पाडतो किंवा त्या गावचा माल घेत नाही. दंड पावतीवर दिसत नाही, पट्टीवर दिसतो. आणि कायद्याच्या दृष्टीने तुम्ही पक्षकारच नसल्यामुळे बाजू मांडायलाही जागा नाही. म्हणून सल्लागार समितीतली खुर्ची शेतकऱ्यासाठी जास्त महत्त्वाची ठरते. बोलायची दुसरी अधिकृत जागा फारशी नाही. हे फक्त कच्च्या मालापुरते. तुमचा गट डाळ मिल, गुऱ्हाळ, हळद पावडर किंवा मसाला युनिट चालवत असेल, तर तुम्ही अन्न व्यावसायिक आहात आणि नोंदणी किंवा परवाना घ्यावाच लागतो.

केंद्रात काय आहे ते थोडक्यात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणात शेतकरी संघटनांचे दोन प्रतिनिधी असावेत, अशी तरतूद कायद्यात आहे. केंद्रीय सल्लागार समितीत अन्न उद्योग, शेती, ग्राहक, संशोधन संस्था आणि प्रयोगशाळा यांचे प्रत्येकी दोन सदस्य आणि सर्व राज्यांचे अन्न सुरक्षा आयुक्त असतात. तिने वर्षातून किमान तीनदा बसले पाहिजे, हेही कायद्यात आहे. वैज्ञानिक मंडळे वेगळी. कीडनाशकांचे अंश, दूषित घटक वगैरेंच्या मर्यादा त्यांच्या सल्ल्याने ठरतात आणि त्यांत स्वतंत्र शास्त्रज्ञच असावेत असा नियम आहे. उद्योग आणि ग्राहक प्रतिनिधींना चर्चेसाठी बोलवावे असे कायदा सांगतो. शेतकऱ्याचा तिथे वेगळा उल्लेख नाही. हळद आणि मिरची उत्पादकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. एप्रिल २०२४ मध्ये मसाल्यांतील काही कीडनाशकांसाठी, जिथे वेगळी मर्यादा ठरलेली नाही तिथे लागू होणारी सरसकट मर्यादा किलोला ०.०१ मिलिग्रॅमवरून ०.१ मिलिग्रॅम करण्यात आली. देशात ही सवलत वाटली तरी परदेशी खरेदीदार आपल्याच देशाची मर्यादा लावतो. निर्यातीचा माल असेल तर ०.१ चा आधार घेऊन फवारणी ठरवू नका.

जिल्ह्यातली समिती: मुदत नाही, झोप आहे

२०११ च्या परवाना व नोंदणी नियमांत पंचायत, जिल्हा आणि राज्य पातळीवर सल्लागार समित्या नेमता येतील असे म्हटले आहे. 'नेमता येतील', नेमल्याच पाहिजेत असे नाही. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली 'सुरक्षित अन्न आणि निरोगी आहार' या नावाने जिल्हास्तरीय सल्लागार समितीच्या बैठका होतात आणि अन्न व औषध प्रशासनाचे जिल्हा कार्यालय त्यांचे काम पाहते. बैठकीची बातमी कधी तरी स्थानिक पानावर येते: भेसळ रोखा, सणासुदीत तपासण्या वाढवा, शाळांच्या पोषण आहाराकडे लक्ष द्या.

मिनेसोटात समिती ठरलेल्या दिवशी मरते. आपल्याकडे ती मरत नाही, झोपते. सदस्य बदली होऊन जातात, अशासकीय सदस्यांची नावे जुनीच राहतात, बैठक दिवाळीच्या आधी एकदा होते आणि खव्यावर बोलून संपते. कागदावर समिती अस्तित्वात असते, त्यामुळे ती नाही अशी तक्रारही करता येत नाही. म्हणून मला तारीख असलेली समिती बरी वाटते. तारखेमुळे किमान एकदा तरी कुणाला तरी हिशेब मागावा लागतो.

आपल्याच कायद्यात याचे एक उदाहरण आहे. कलम ३० प्रमाणे राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या पदार्थावर बंदी घालू शकतात, पण एका वेळी जास्तीत जास्त एक वर्ष. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती याच कलमाखाली. त्यामुळेच तो आदेश दर वर्षी नव्याने काढावा लागतो. बंदी कितपत पाळली जाते ते पानटपरीवर दिसतेच, तो वेगळा विषय. पण एक वर्षाची मर्यादा घालणाऱ्याने विचार केला होता, एवढे नक्की.

द्राक्षाने शिकवलेले

मुदतवाढ म्हणजे नुसती तारीख बदलणे की आतला मजकूरही तपासणे, हे समजायला आपल्या द्राक्षापेक्षा चांगले उदाहरण नाही. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. त्यानंतर अपेडाने उर्वरित अंश नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळा त्याची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा झाली. बागांची नोंदणी, तोडणीआधी नमुना, पास झाल्यावरच माल. २००६ पासून हे सगळे ग्रेपनेटवर आले. नाशिक, सांगली, सोलापूरच्या निर्यातदार बागायतदारांना 'ॲनेक्श्चर ५' हा शब्द पाठ आहे, तो याच कार्यक्रमातला.

मग २०१० चा हंगाम आला. आपल्या प्रयोगशाळांनी पास केलेले कंटेनर युरोपात अडकले, कारण तिथे क्लोरमेक्वाट क्लोराईड म्हणजे सीसीसीचे अंश सापडले. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखून काडीत घडनिर्मिती व्हावी म्हणून हे संजीवक बागायतदार वर्षानुवर्षे वापरत होते. युरोपची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. आणि आपल्या तपासणीच्या यादीत सीसीसी नव्हतेच. यादीत नाही म्हणून प्रयोगशाळेने तपासले नाही, तपासले नाही म्हणून 'पास' असा दाखला मिळाला. बागायतदाराने नियम पाळला होता. तरीही पैसे बागायतदाराचेच अडकले.

इथे दोष कुण्या एकाचा शोधण्यात अर्थ नाही. छाटणी करणाऱ्या हाताला सीसीसीचा वापर माहीत होता आणि युरोपचा नियम वाचणाऱ्याला मर्यादा माहीत होती. ही दोन माणसे यादी ठरवताना एकत्र बसली असती, तर 'हे आपण वापरतो, हे यादीत का नाही?' हा प्रश्न एका मिनिटात पुढे आला असता. त्यानंतर यादीत सीसीसी आले आणि माल पाठवण्याआधी ते तपासले जाऊ लागले. आजही या कार्यक्रमाचा दस्तऐवज हंगामागणिक नव्याने तपासून काढला जातो: कोणती रसायने वाढवायची, कोणती काढायची, काढणीपूर्व कालावधी किती. आपल्या समित्यांची मुदतवाढ अशी हवी.

मुदतवाढीच्या वेळी हे मागा

तुमच्या जिल्ह्यातली समिती पुन्हा नेमली जाणार असेल किंवा मुदत वाढणार असेल, तर कृषी सहायक, मंडळ कृषी अधिकारी, शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक यांनी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे असे मला वाटते.

पहिली आणि सगळ्यात मोठी गोष्ट: सदस्य कोण? जिल्ह्याचे मुख्य पीक समितीत दिसले पाहिजे. जळगावच्या समितीत केळीचा माणूस नसेल, रत्नागिरीच्या समितीत आंब्याचा नसेल, कोल्हापूरच्या समितीत गुऱ्हाळघराचा नसेल, तर ती समिती मिठाईच्या दुकानापलीकडे जात नाही. पशुसंवर्धन खात्याचा माणूस हवाच. का, ते सांगतो. प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातून दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक अशी भेसळ सापडली फक्त १२ नमुन्यांत. पण अफ्लाटॉक्सिन एम-१ हे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडले ३६८ नमुन्यांत, म्हणजे ५.७ टक्के. हे विष कुणी दुधात घालत नाही. बुरशी लागलेला मका, ओलसर ठेवलेली सरकी किंवा शेंगदाणा पेंड जनावराच्या पोटात जाते, त्यातल्या अफ्लाटॉक्सिन बी-१ चे रूपांतर होऊन ते दुधात उतरते. मर्यादा किलोला ०.५ मायक्रोग्रॅम इतकी बारीक आहे, आणि दूध उकळून हे विष जात नाही. धाड टाकून हा प्रश्न सुटणार नाही. तो सुटतो गोदामाच्या फरशीवर फळ्या टाकून, पेंडीची पोती भिंतीपासून दूर ठेवून आणि मका नीट वाळवून. ज्या समितीत फक्त तपासणी खात्याचे लोक बसतात, तिला दूध म्हटले की युरिया आणि डिटर्जंट आठवतात. जो रोज पेंड फोडतो त्याला बुरशी आठवते.

दुसरी गोष्ट, बैठक कधी? वर्षातून किती बैठका यापेक्षा त्या कोणत्या महिन्यात, हे पाहा. आंबा पिकवायला कॅल्शियम कार्बाइड वापरण्यावर बंदी आहे, कारण त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो. हे सगळे मे महिन्यात बाजार समितीत धाड पडते तेव्हा वर्तमानपत्रात येते, ग्राहक बिचकतो, भाव उतरतो आणि ज्याने कधी कार्बाइड हातात धरले नाही त्या बागायतदाराची पेटीही स्वस्त जाते. बैठक जानेवारी-फेब्रुवारीत झाली, जिल्ह्यात पिकवणगृहे किती, कुठे कमी पडतात हे तेव्हाच ठरले, तर मे महिन्यात धाडीची गरज कमी भासेल. भुईमुगासाठी बैठक काढणीच्या आधी हवी. शेवटच्या टप्प्यात पाण्याचा ताण बसला आणि शेंगा नीट वाळल्या नाहीत की अफ्लाटॉक्सिन वाढते. शेंगा ८-९ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवा, हा निरोप पोती भरल्यावर देऊन काय उपयोग?

तिसरी गोष्ट इतिवृत्त. मागच्या बैठकीत काय ठरले आणि त्याचे काय झाले, हे कागदावर नसेल तर मुदत वाढवूच नये, अशा स्पष्ट मताचा मी आहे. दोन वर्षांत एकही शिफारस न करणारी समिती बंद झाली तर शेतकऱ्याचे काही बिघडत नाही. उलट नवी नेमताना खुर्च्यांचा प्रश्न पुन्हा काढता येतो.

विषय समितीपुढे कसा न्यायचा?

एकट्याने अर्ज देण्यापेक्षा गटाचा किंवा उत्पादक कंपनीचा ठराव जोडा. 'भेसळ थांबवा' असे मोघम लिहू नका. एक पीक, एक अडचण, एक मागणी लिहा. उदाहरणार्थ: 'आमच्या तालुक्यात १५ मार्चपासून केळीची काढणी वाढते, पिकवणगृहांची तपासणी व व्यापाऱ्यांना इथिलीन वापराचे प्रशिक्षण फेब्रुवारीअखेर व्हावे.' पत्र जिल्हाधिकारी तथा समितीचे अध्यक्ष यांच्या नावे करा. एक प्रत अन्न व औषध प्रशासनाचे सहायक आयुक्त (अन्न) यांना आणि एक जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना द्या. पोच घ्यायला विसरू नका.

विस्तार कार्यकर्त्यांनी आणखी एक करावे. आपल्या भागात प्रत्यक्ष कोणती औषधे, संजीवके, पिकवण्याची द्रव्ये वापरली जातात, याची खरी यादी ठेवावी. शिफारशीची नव्हे, वापराची. कृषी सेवा केंद्राच्या बिलांवरून ती अर्ध्या दिवसात तयार होते. सीसीसीच्या वेळी नेमका हाच कागद कुणापुढे नव्हता.

समिती आहे की नाही, हेच माहीत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयातील जन माहिती अधिकाऱ्यांना द्यायचा. त्यात चारच मुद्दे विचारा: जिल्हास्तरीय सल्लागार समिती नेमल्याच्या आदेशाची प्रत; तिची मुदत आणि मुदतवाढ दिली असल्यास तो आदेश; आजच्या सदस्यांची यादी, त्यात शेतकरी प्रतिनिधी कोण; आणि मागच्या दोन वर्षांतील बैठकांची इतिवृत्ते. समितीच्या कामाबद्दल मत विचारू नका. माहिती अधिकारात कागद मिळतो, मत मिळत नाही, आणि असा प्रश्न घातला की सगळा अर्जच लांबणीवर पडतो.